बाईंनी दिलेला सूर

"शालन, तुझा सूर चढतोय हल्ली," बाई म्हणाल्या, आणि खोलीतले सगळे चहाचे कप जागच्या जागी थांबले.

मध्यंतर होतं. हॉलच्या मागच्या चिंचोळ्या खोलीत आम्ही आठ गाणारे, पियानो वाजवणारा जेकब, मुंबईहून आलेले, चेलो म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन वाजवणारे नोरोन्या आणि बाई अशी अकरा माणसं कोंबली होती. फेब्रुवारीतला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. पंखा लावला तर त्याची घरघर हॉलपर्यंत जाते म्हणून बाईंनी तो बंद ठेवायला लावला होता. सगळ्यांच्या गळ्याखाली घाम होता.

"चढतोय?" मी विचारलं.

"चढतोय. तालमीतसुद्धा चढत होता, मी बोलले नाही. मी देते त्यापेक्षा तू वर सुरुवात करतेस. थोडीथोडकी नाही, चांगली अर्ध्या सुरानं. वय झालं की होतं असं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मी सेहेचाळीस वर्षांची होते. बाई एकाहत्तरच्या.

"आता दुसऱ्या भागात मी देईन तोच सूर धरायचा," त्या म्हणाल्या. "स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कळलं?"

"हो, बाई."

खालच्या पट्टीत गाणारा दयानंद साळवे माझ्याकडे बघून डोळे मिचकावून गेला. म्हणजे, घे, आज तुझी पाळी. बाईंच्या जिभेची पाळी प्रत्येकावर कधी ना कधी यायचीच. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून तळाशी गेलं. मला रडूही आलं नाही. मला फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट आहे. एस्तेर आढाव म्हणजे आमच्या बाई. पुण्यात मुलींच्या एका शाळेत पस्तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झाल्या आणि चर्चच्या कॉयरमधून निवडून आठ माणसं घेऊन त्यांनी हा गट बांधला. वर्षातून एकच कार्यक्रम, फेब्रुवारीत, कॅम्पातल्या या जुन्या हॉलमध्ये. अर्धा कार्यक्रम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जर्मन गाण्यांचा, संध्याकाळ, जंगल, निरोप आणि न परतणारी माणसं असलेल्या गाण्यांचा. उरलेला अर्धा आजच्या माणसांनी लिहिलेल्या संगीताचा. "जुनं ऐकायला लोक येतात, नवं त्यांना बसवून ऐकवायचं," असा बाईंचा हिशेब. तीनशे खुर्च्या भरायच्या.

त्या तीनशे माणसांना आमची एक गोष्ट फार आवडायची. पियानोशिवाय गायचं असेल तर इतर कॉयर आधी एखादी पट्टी दाबून सूर घेतात, नाहीतर कुणीतरी हळूच गुणगुणून तो बाकीच्यांना देतं. आमच्यात ते चालायचं नाही. सूर बाई द्यायच्या, तोंडानं, आणि तोही स्टेजवर नाही. मागच्या खोलीत माझ्या कानाला तोंड लावून एकदाच द्यायच्या. मग मी तो सूर डोक्यात धरून, कुणाशी एक शब्द न बोलता, सहा पायऱ्या चढून स्टेजवर जायचे. काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं घेऊन चालावं तशी. टाळ्या थांबायच्या, आम्ही उभे राहायचो आणि शांततेतून एकदम गाणं सुरू व्हायचं. सुरुवात नेहमी माझी. बाकीचे सात माझ्यावरून उचलायचे. पाठोपाठ जेकब त्याच पट्टीत पुढचं गाणं वाजवू लागला की सूर बरोबर जुळायचा आणि पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवायचे. बाईंच्या कानाला तोड नाही, असं सगळं कॅम्प म्हणायचं.

चार वर्षांपूर्वीपर्यंत ते खरं होतं.

त्या वर्षी एका तालमीत बाईंनी सूर दिला आणि मी तसाच सुरू केला. संपल्यावर जेकबनं पियानो उघडला तर आम्ही सगळे अर्ध्या सुरानं खाली. "दमलात सगळे, घसरलात," बाई म्हणाल्या. पुढच्या तालमीत पुन्हा तेच. मग मी घरून वडिलांचा जुना ट्यूनिंग फोर्क आणला, तो दोन दांड्यांचा पोलादी काटा असतो ना, आपटला की एकच ठरलेला सूर देतो, तो. रुमालात गुंडाळून कमरेला खोचला. बाईंनी कानात सूर दिला की मी पायऱ्यांवर मुद्दाम शेवटी राहायचे. तिसऱ्या पायरीवर काटा गुडघ्यावर हळूच आपटून त्याचं बूड कानामागच्या हाडाला लावायचे. दुसऱ्या कुणाला काही ऐकू जात नाही. बाईंचा सूर पुसून टाकायचे, खरा घ्यायचे आणि स्टेजवर जायचे. तालमीत बाईंची पाठ वळली की तेच.

चार वर्षं. कुणाला कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी मला बाईंची लाज राखल्याचं मोठं समाधान वाटलं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षापासून नुसता थकवा.

कारण काम एवढंच नव्हतं. आठवडाभर माझी शाळेतली नोकरी. शनिवार-रविवार बाईंच्या घरी तालीम. कुणाला खोकला झालाय, कुणाच्या घरी पाहुणे आहेत, कोण रुसलंय, हे सगळं मी बघायचं. गाण्यांचे शब्द टाइप करायचे, खुर्च्या सांगायच्या, हॉलच्या माणसाच्या मागे लागायचं, बाईंच्या गोळ्या आणायच्या. आणि पर्समध्ये त्या दिवशी एक पत्र होतं. पाचगणीच्या एका निवासी शाळेनं मला जूनपासून संगीताची बाई म्हणून बोलावलं होतं, राहायला दोन खोल्यांसकट. बुधवारपर्यंत उत्तर हवं होतं. सकाळी रिक्षातून हॉलवर येताना मी बाईंना ते सांगितलं. बाई रस्त्याकडे बघत होत्या.

"कार्यक्रम होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

दोन वर्षांपूर्वी नाशिकहून असंच बोलावणं आलं होतं, तेव्हाही हेच वाक्य होतं. मग बोलणं कधी झालंच नाही. आणि बोलून तरी काय झालं असतं? मी गेले तर पुढच्या फेब्रुवारीत पायरीवर काटा कोण लावणार? बाई कुणा दुसरीच्या कानात चुकीचा सूर देणार, ती बिचारी तो इमानानं स्टेजवर नेणार, आणि ज्या कानाचं गावभर कौतुक तोच तीनशे माणसांसमोर उघडा पडणार. हे बाईंना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. न सांगता जायचीही नव्हती. मी पुरती अडकले होते. बाई स्वतःहून थांबल्या असत्या तरच सुटका होती, आणि बाई थांबण्यातल्या दिसत नव्हत्या.

त्या वर्षी दुसऱ्या भागात एकच नवं गाणं होतं, आणि ते तर जणू बाईंच्या कानासाठीच बेतलेलं होतं. बाईंची जुनी विद्यार्थिनी ग्रेस जर्मनीत राहते, संगीत लिहिते. तिनं ते खास आमच्या गटासाठी लिहून पोस्टानं पाठवलं होतं. नऊ मिनिटं नुसते आठ गळे, एकाही वाद्याशिवाय. सुरुवात माझ्या एकटीची, आणि माझा पहिला सूर नेमका माझ्या काट्याचाच. शब्द मराठी, अगदी साधे, तिन्हीसांजेला घरात बोलतो तसे. दिवा लावला, दार लोटलं, अजून कोणी यायचं आहे का. तेच शब्द फिरून फिरून, एकमेकांना घासत जाणारे सूर, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असे. चेलोवादक ही नऊ मिनिटं आमच्याशेजारी गज मांडीवर ठेवून गप्प बसून असतो. आम्ही शेवटचं "का" धरून ठेवतो तेव्हा तो पहिल्यांदा वाजतो, सगळ्यात जाड, सगळ्यात खालची मोकळी तार, एकच लांब सूर. जणू दाराबाहेर कुणीतरी खरंच आलंय. बस, गाणं संपलं.

त्या मोकळ्या तारेला बोट लावायचं नसतं, त्यामुळे तिचा सूर ठरलेला. आम्ही नऊ मिनिटं कुठेही भरकटलो असलो तर तिथे दूध का दूध होणार. ग्रेसनं सोबत लिहिलं होतं, "हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, बाई." बाईंनी ते पत्र प्रत्येकाला वाचायला दिलं होतं.

तर मध्यंतर संपलं. नोरोन्या चेलो घेऊन पुढे गेले. आठ जण रांगेत उभे राहिले. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या अंगाला नेहमीचा कापराचा वास होता. त्यांनी माझा दंड धरला, तोंड कानाशी आणलं आणि सूर दिला.

खाली होता. नेहमीसारखाच, अर्ध्या सुरानं.

"हाच," त्या पुटपुटल्या. "वर नाही."

मी मान हलवली. सगळे पायऱ्या चढू लागले. मी शेवटी. तिसऱ्या पायरीवर माझा हात सवयीनं कमरेपाशी गेला. रुमालातला काटा बोटांना लागला.

मी तो काढला नाही.

मी काही ठरवलं होतं असं म्हणणार नाही, पण नव्हतं असंही म्हणता येत नाही. राग आला होता, हे खरं. सगळ्यांसमोर माझा सूर चढतो म्हणे. पण रागानं हात थांबला नाही. राग असता तर मी तणतणत काटा काढला असता आणि बाईंना दाखवून दिलं असतं. हात थांबला तो उचलवेना म्हणून. डोक्यात एवढंच आलं, आज होऊन जाऊ दे. नऊ मिनिटांनी तो चेलो बोलेल आणि मला काही बोलायची गरज उरणार नाही. बाई थांबतील. बुधवारी मी पत्राला हो कळवीन.

मी बाईंचा सूर घेऊन उरलेल्या तीन पायऱ्या चढले.

हॉल गच्च भरलेला. पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ऊन तिरपं येऊन पहिल्या चार रांगांवर पडलं होतं. लोकांनी कागदानं वारा घेणं थांबवलं. बाई आमच्यासमोर, लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या, हात उचलला. मी तोंड उघडलं.

दिवा लावला.

बाईंचा चेहरा मला समोर दिसत होता, इतर कुणाला दिसत नव्हता. तो एकदम निवला. त्यांना हवा होता तसा सूर त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला होता. त्या हसल्या माझ्याकडे बघून. शाबास, म्हणून. मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं.

पण गाणं सुरू झालं की ते थांबत नाही. एकेक जण येऊन मिळत गेला. दयानंदची खालची जागा आली तेव्हा त्याला तळ सापडेना, नुसतीच हवा आली, आणि त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. मी कागदात डोकं घातलं. तिसऱ्या मिनिटापासून मी मिनिटं मोजत होते. मधे एक मोठा गदारोळ आहे, आठही जण एकदम वेगवेगळं "दार, दार" म्हणतात, तेवढ्यात मी तिरक्या डोळ्यानं नोरोन्यांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, चेलोच्या मानेवर कान टेकून बसले होते, झोपल्यासारखे. एक हात वर खुंट्यांपाशी. मला वाटलं, म्हातारा माणूस, उकाड्यानं पेंगतोय. आणि खरं सांगते, मला त्यांची दयाच आली. आता जे होणार त्यात त्यांचा काही दोष नव्हता आणि लोक त्यांनाच बेसूर म्हणणार होते.

सातवं मिनिट. आठवं. बाईंचे हात हवेत. या बाईंनी मला वयाच्या अकराव्या वर्षापासून गायला शिकवलं. माझी फी माफ करून घेतली. आणि मी त्यांना तीनशे लोकांसमोर हात धरून खड्ड्याशी आणलं होतं, तेही एक शब्द न बोलता. थांबवता येण्याजोगं आता काही उरलं नव्हतं. वर चढवता येतं का, असाही विचार आला, वेड्यासारखा. पण मी एकटी चढले असते तर बाकी सात जण फाटले असते.

अजून कोणी यायचं आहे का.

आम्ही "का" धरला. बाईंनी डावा हात चेलोकडे वळवला. मी डोळे मिटले.

चेलो वाजला. आणि जुळला.

तंतोतंत जुळला. आठ गळ्यांच्या खाली तो सूर असा येऊन बसला की स्टेजची फळी माझ्या पायांखाली घुमली. मी डोळे उघडले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सूर विरत गेला आणि एकदम सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले म्हातारे उभे राहिले.

मला काही कळेना. मला वाटलं, माझाच कान गेला. बाईच बरोबर आहेत, चार वर्षं मीच वर चढवत होते, वडिलांचा काटाच खोटा. मागच्या खोलीत जाऊन मी तो गुडघ्यावर आपटला आणि कानामागे लावला. मग स्टेजवर परत येऊन जेकबच्या पियानोवर तोच सूर दाबला. काटा खरा होता.

"मॅडम, तो ठेवून द्या आता," मागून आवाज आला. नोरोन्या चेलो पेटीत झोपवत होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमी खाली होते. अख्खा हाफ टोन. मला पयल्या लायनीतच समजलं."

"मग?"

"मग काय? नऊ मिनिटं होती ना हातात. तुमी सगळे मधी आरडाओरडा करते ना, दार दार, तवा मी खुंटी पिळली. जरा जरा करून तार उतरवली, लाकडाला कान लावून." त्यांना स्वतःलाच गंमत वाटत होती. "मी तीस वरसं फिल्मच्या स्टुडिओत बसलो. गानारा खाली गेला की त्याला सांगायचं नाय. आपन खाली जायचं. बाईना बोलू नका हां. म्हातारं मानूस. कशाला तिचं मन मोडायचं?"

देवमाणूस. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"थँक्यू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते गेले, बाकीचेही हळूहळू गेले. सगळ्यांना न्यायला आलेली माणसं, फुलं, फोटो, हे सगळं सव्वासहापर्यंत आटपलं. गाण्याच्या फायली गोळा करायला दरवर्षी मी आणि बाई अशा दोघीच मागे राहायचो. मी फायली घेऊन हॉलमध्ये आले तर बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चपला काढून एक पाय दुसऱ्या पायानं चोळत होत्या. अंगातली हवा काढून घेतल्यासारख्या दिसत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या.

मी एक खुर्ची सोडून बसले.

"जुळलं," बाई म्हणाल्या.

"हं."

"मला धाकधूक होती. कानाची. माझ्या." त्या स्टेजकडे बघत होत्या. "गेली काही वर्षं मला माझीच शंका येते. तुला सूर देते तेव्हा तो बरोबर वाटतो आणि तू गायला लागलीस की चुकल्यासारखा वाटतो. म्हणून ग्रेसचं गाणं आलं तेव्हा मनाशी ठरवलं, शेवटचा चेलो जुळला तर चालवायचं. नाही जुळला तर बास." त्यांनी पदरानं मान पुसली. "जुळला. झालं तर मग. पुढच्या वर्षी काय गायचं?"

एकदा "बघू" म्हटलं असतं की झालं असतं. मला चार वर्षांची सवय होती. पण चार वर्षांत पहिल्यांदा बाईंनी स्वतःहून कान हा शब्द काढला होता. आणि मला आणखी एका फेब्रुवारीचा विचारच सहन होईना.

"जुळला नाही, बाई."

"काय?"

"नोरोन्यांनी तार उतरवली. आपण सगळे अर्ध्या सुरानं खाली होतो."

"तू खाली सुरू केलंस?"

"तुम्ही दिलात तिथेच सुरू केलं."

मी कमरेचा रुमाल सोडला आणि काटा मधल्या खुर्चीवर ठेवला. तिसऱ्या पायरीचं सांगितलं. किती वर्षं तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज अगदी साधा येत होता, बाजारहाट सांगावा तसा. बाईंनी काट्याला हात लावला नाही.

"म्हणजे तुझा सूर चढत नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि मी मघाशी सगळ्यांसमोर तुला बोलले."

"हो."

"चार वर्षं तू मला खोटी मिरवू दिलीस, शालन."

"हो, बाई."

"मग आज का नाही काढलास हा?"

तुम्हीच म्हणालात डोकं चालवू नको, असं उत्तर तयार होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

"दमले होते," मी म्हटलं. "वाटलं, चेलो बेसूर लागला की सगळं आपोआप संपेल. मला तोंडानं सांगावं लागणार नाही."

"तीनशे माणसांसमोर."

"हो."

बाईंचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. खिडकीतलं ऊन आता भिंतीवर वर सरकलं होतं. मग त्या बोलल्या, आणि त्यांचा आवाज शिकवणाऱ्या बाईंचा नव्हता.

"मी दमले नाही असं तुला कुणी सांगितलं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तीन वर्षं बंद करायचं म्हणतेय मी. गुडघे दुखतात, रात्री झोप नाही, सूर देताना छातीत धडधडतं. पण ऑगस्ट उजाडला की तू माझ्या दारात. 'बाई, यंदा काय गायचं?' तुझी आई गेलेली. घरात परतून दिवा लावायला तू एकटीच. म्हटलं, हिला एवढे शनिवार-रविवार आहेत, तेही काढून घेतले तर ही करील काय?"

"मी तुमच्यासाठी विचारत होते," मी म्हटलं. "तुम्ही वाट बघत असाल म्हणून. नाही विचारलं तर वाईट वाटेल म्हणून."

"मला?"

"मग सकाळी पाचगणीचं सांगितलं तर 'मग बोलू' का म्हणालात? नाशिकच्या वेळी का म्हणालात?"

"नाशिकच्या वेळी वाटलं, तू माझी परीक्षा बघतेस. थांब म्हणते का ते." बाईंनी नाक ओढलं. "आणि आज सकाळी बोलले असते तर तिथेच रडले असते. सुटल्याचं. मग गाणं कुणी घेतलं असतं?"

"म्हणजे आज चेलो जुळू नये असं तुम्हालाही..."

"मला वाटत होतं चुकावं," बाई म्हणाल्या. "नऊ मिनिटं प्रार्थना करत होते, आणि नक्की कशासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. रडले ती आनंदानं नाही, वेडे. म्हटलं, आता आणखी एक वर्ष."

मला हसू आलं. खूप दमल्यावर येतं तसलं, पोटातून येणारं, थांबवता न येणारं. बाई आधी रागानं बघत राहिल्या आणि मग त्यांच्याही खांद्यांना धक्के बसायला लागले. त्या भल्या माणसाची तेवढी खुंटी पिळायची मेहनत आठवून आम्ही दोघी बायका रिकाम्या हॉलमध्ये डोळे पुसत हसत होतो. हसता हसता बाई एकदम थांबल्या.

"पण तू मला वाऱ्यावर सोडलंस आज," त्या म्हणाल्या. "हे मी विसरायची नाही."

नाही विसरल्या. पुढे नऊ वर्षं जगल्या. मी पाचगणीहून सुट्टीला आले की आधी त्यांच्याकडे जायचे. त्या लोणी लावलेला ब्रेड आणि कॉफी द्यायच्या, शाळेतल्या मुलींबद्दल खोदून खोदून विचारायच्या, आणि निघताना दारात एकदा तरी म्हणायच्या, "तू मला सोडलं होतंस हां." मी म्हणायचे, "हो, बाई." त्यावर कधी आणखी बोलणं झालं नाही. माझं कधी माफी मागायचं धाडस झालं नाही आणि त्यांनीही कधी माफ केल्याचं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही कितीतरी वेळ तिथेच बसून होतो, मधली खुर्ची तशीच ठेवून. हॉल बंद करणारा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन दोनदा दारातून डोकावून गेला. तिसऱ्यांदा तो आत आला.

"बाई, झालं का? लावू का दार?"

बाईंनी पाय चपलेत घालायला म्हणून पुढे केले आणि मग तसेच राहू दिले.

"थोडं बसू दे आम्हाला," त्या त्याला म्हणाल्या. "आत्ताच थांबलोय."